खिडकीमागचा चौथा अ‍ॅप्रन

सोमवार, १ सप्टेंबर

आजपासून मी अन्न तपासनीस. सहा महिने प्रोबेशनवर, पण तपासनीसच. कार्यालय म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. चार टेबलं, एक कारकून, एक मोठा फ्रीज (त्यावर ‘यात डबे ठेवू नयेत’ असं लिहिलंय, आत तीन डबे होते) आणि टोकाला मॅडम. मॅडम बावीस वर्षं या कामात आहेत. मला बसायला सांगण्याआधी त्यांनी माझी नखं पाहिली.

संध्याकाळी घरी रुजू होण्याचे कागद भरले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे मी कागद भरायला बसले की आईबाबा दोघंही जवळ येऊन बसतात, जणू ऑपरेशन चाललंय. मी मोठ्याने वाचत होते. शेवटच्या पानावर प्रश्न होता: ‘आपले जवळचे नातेवाईक या शहरात खाद्यपदार्थांच्या व्यवसायात वा नोकरीत आहेत काय? माहिती खोटी आढळल्यास नेमणूक रद्द होईल.’

बाबा म्हणाले, “मी दिवसाला पाच चहा पितो. तो व्यवसाय धरतात का?”

आई म्हणाली, “काय लिहायचं असतं तिथे?”

“कोणी नाही, असं.”

“मग लिही की. वेळ कशाला लावतेस?”

“हिची लाँड्री काही खाण्यात येत नाही,” बाबा म्हणाले, आणि आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून पाणी प्यायला गेले. थट्टेची ही वेळ नाही एवढंच तिला म्हणायचं असावं. तिला माझ्या नोकरीचं माझ्याहून जास्त टेन्शन आहे.

मी ‘कोणी नाही’ लिहिलं आणि सही केली. स्वच्छ अक्षरात.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मॅडमचा एक नियम आहे, तो कुठल्याही पुस्तकात नाही. जिथे आपण गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभं राहून खाल्लेलं नाही, तिथे तपासायला जायचं नाही. “आधी लोक तिथे का जातात ते कळू दे,” त्या म्हणाल्या. “मग चुका शोध. नुसत्या चुका शोधणारीला कोणी दारात उभं करत नाही.” दुसरा नियम: अर्धं खायचं, अर्धं बर्फाच्या डब्यात घालून कार्यालयात आणायचं.

परवाना नूतनीकरणाच्या यादीत माझ्या वाट्याला पहिलंच नाव आलं ते ‘खिडकी’चं. खिडकी म्हणजे बर्गरचं दुकान. बसायला जागा नाही, पाटी नाही, भिंतीत एक खिडकी आणि तिच्यासमोर रांग. कॉलेजातल्या सगळ्यांनी तिथे खाल्लंय. मी नाही. आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं, पण बाहेर खाणं हा विषयच आमच्याकडे नसे, आणि मैत्रिणी निघाल्या की मला नेमकं ग्रंथालयात काम निघायचं.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, “तिथे कशाला? दुसरी दुकानं मेली का?”

“यादीत आहे, आई.”

“यादी बदलून घे. नवीन मुलीला एवढ्या गर्दीत पाठवतात होय.”

बाबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, “साहेब जाणार म्हणजे जाणार.” ते मला आता साहेब म्हणतात. ड्रायव्हरकी सुटून त्यांना चार वर्षं झाली, पाठीने घात केला, पण हुकूम ऐकायची सवय गेलेली नाही असं तेच सांगतात.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आईच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नखुरडं झालंय. नखाच्या कडेला पू धरलाय, बोट टरटरून सुजलंय. मिठाच्या गरम पाण्यात बुडवायला लावलं, मी पट्टी बांधली. आई माझ्या खांद्याला लागते, स्टुलावर बसली की अगदीच लहान दिसते. तिच्या हातांना हल्ली लिंबाचा वास येतो. लाँड्रीत नवा साबण आलाय म्हणे.

“दोन दिवस सुट्टी घे,” मी म्हटलं.

“माझ्यावाचून अडतं तिथे.”

“इस्त्रीवाचून कोणाचं काय अडतं?”

“अडतं,” ती म्हणाली.

गुरुवार, ११ सप्टेंबर

हे जसं झालं तसं लिहिणार आहे. चुकीसकट.

साडेअकराला रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे एकवीस माणसं. रांगेतली माणसं एकमेकांना ओळखत नसूनही बोलत होती. पुढचा रंगारी मागे वळून म्हणाला, “पहिल्यांदा का?” मी कसं ओळखलं विचारलं, तर म्हणाला, “तुम्ही फळा वाचताय. इथे कोणी वाचत नाही. एकच तर मिळतं.”

खिडकीतून आतलं थोडंच दिसतं. तव्यावर एक घामाघूम माणूस, मालकाचा मेव्हणा. पैसे घेणारी एक बाई, बोलण्यात सुरी. आणि मालक, ज्याला सगळे ‘टोपी’ म्हणतात, कारण तो तव्याच्या धगीतही लोकरीची टोपी घालतो. मी मनातल्या मनात टिपत होते: हातमोजे आहेत, केस झाकलेले आहेत, फडकं मात्र एकच.

“सॉस जास्त?” टोपीने विचारलं.

“किती घालतात?”

“जास्तच घालतात.”

मग बर्गर हातात आला. कागद गरम, पाव कडेला करकरीत, आत पॅटी, आणि त्यावर तो पांढरा सॉस. सॉसचं मी काय लिहू? लिंबू, लसूण, अजून काहीतरी ओळखीचं. पहिला घास घेतला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हे वाक्य अहवालात लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहिते. कठड्याला टेकून उभी होते, सॉस मनगटापर्यंत ओघळला, तो मी चाटला. भानावर आले तेव्हा हातात फक्त कागद होता.

अर्धा ठेवायचा होता. बर्फाचा डबा पायाशी तसाच रिकामा. परत रांगेत लागले असते, पण पुढे तीस माणसं झाली होती. मॅडम म्हणाल्या, “कागद आणलास ना? तो लाव फायलीला.” कारकून अजून हसतोय.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

काल चार वाजता कार्यालयातच पोटात ढवळलं. पाच वाजेपर्यंत चार उलट्या. रिक्षाने घरी आले. आई सहाला आली. मला तांब्या धरून बसलेली पाहून म्हणाली, “काय खाल्लंस?”

“खिडकीवरचा बर्गर.”

“आज?”

“साडेबाराला.”

“सॉस होता का त्यात? पांढरा?”

मी मान हलवली. आई दारातच उभी राहिली. मग पर्स न ठेवता तशीच बाहेर गेली. तासाभराने आली तेव्हा तिच्या साडीचा पदर भिजलेला होता आणि तिने मला साखरमिठाचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, उजवा हात पाठीमागे धरून, डाव्याने. सारखं माझं कपाळ पाहत होती. मला इतकं काही झालं नव्हतं.

आज सकाळी मॅडमचा फोन. अकरा जणांच्या तक्रारी, मी बारावी. सगळे खाल्ल्यावर दोन-चार तासांत आजारी. एक निवृत्त हेडमास्तर रुग्णालयात आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांची किडनी त्रास देतेय. खिडकी आजपासून बंद.

शनिवार, १३ सप्टेंबर

हेडमास्तरांच्या सुनेने त्यांचा उरलेला अर्धा बर्गर डब्यात घालून आणला. तिने तो फ्रीजमध्ये ठेवला होता. एका घरगुती बाईला जे सुचलं ते तपासनिसाला सुचलं नाही. नमुना प्रयोगशाळेला गेला.

आईची लाँड्री दुरुस्तीसाठी बंद आहे. बरंच झालं, बोटाला आराम.

सोमवार, १५ सप्टेंबर

खिडकीची तपासणी. आतली खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी. मागे एक दार, एक मोरी, एक टेबल. सॉसची बादली घासून उपडी घातलेली. टोपी म्हणाला, गुरुवारी संध्याकाळीच सगळा सॉस फेकला.

मॅडमनी विचारलं, “शुक्रवारी आम्ही बंद करण्याआधीच? का?”

“वास बरोबर नव्हता.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

टोपीने टोपी नीट केली. “माझं नाक आहे ना.”

भिंतीला चार खुंट्या, चार अ‍ॅप्रन. काम करणारी माणसं तीन. चौथा अ‍ॅप्रन मी उतरवून पाहिला. खालून चार बोटं दुमडून हाताने शिवलाय, म्हणजे कोणीतरी बुटकं वापरतं. “हा कोणाचा?” विचारलं, तर मेव्हणा तव्याकडे पाहायला लागला. तवा थंड होता.

“जुना आहे,” टोपी म्हणाला. “सॉस मीच बनवतो.”

तो माझ्याकडे पाहत नव्हता. मॅडमशी डोळ्याला डोळा भिडवून बोलला, माझी पाळी आली की जमिनीकडे. गुन्हेगार माणसाला तरुण अधिकाऱ्याची जास्त भीती वाटते असं मी ऐकलंय.

गुरुवार, १८ सप्टेंबर

अहवाल आला. सॉसमध्ये स्टॅफिलोकोकस. हा जंतू माणसाच्या नाकात असतो, हातावरच्या पिकलेल्या जखमेत असतो. कच्च्या सॉसमध्ये तो उकाड्यात वाढतो आणि विष सोडतो. म्हणजे कोणाच्या तरी हातून गेला. तिघांच्या नाकातले आणि हातांवरचे नमुने घेतले. हात तिघांचेही स्वच्छ दिसतात.

घरी आईबाबांना समजावून सांगितलं. आईने दोनदा विचारलं, “जखमेतून?” म्हटलं, “जखमेतून, फोडातून, कशातूनही. पट्टी ओली झाली की संपलं.” बाबा म्हणाले, “पुरे आता, जेवताना काय हे.” आई जेवली नाही.

अशा वेळी मला वाटतं, याचसाठी मी शिकले. घरातल्या दोन माणसांना तरी जंतू कळले.

सोमवार, २२ सप्टेंबर

तिघांचेही नमुने स्वच्छ. हेडमास्तर अजून रुग्णालयात.

मॅडम टोपीला घेऊन परत खिडकीमागच्या खोलीत गेल्या, मीही होते. जाताना त्यांनी बाजारातून अंडी, तेल, लिंबं, लसूण घेतला आणि टेबलावर मांडला. “करा सॉस.”

“आत्ता?”

“रोज करता ना?”

टोपीने अंडी फोडली. त्याचे हात मोठे आणि सराईत आहेत, पण अंड्यावर नाहीत. त्याने तेल एकदम ओतलं. घोटत राहिला, घोटत राहिला. सॉस फुटला. खाली पिवळं पाणी, वर तेलाचा तवंग. त्याने दुसरं अंडं घातलं, ते पण गेलं. खोलीत फक्त वाटीवर चमच्याचा आवाज. पैसे घेणारी ती तिखट बाई डोळे पुसत बाहेर गेली.

मॅडम म्हणाल्या, “चौथे हात कोणाचे?”

“माझेच.”

“हे बघा. त्या माणसाला आणा. औषधोपचार होतील, तुम्ही आठ-दहा दिवसांत दुकान उघडाल. नाही आणलंत, तर तपासात खोटं बोलल्याबद्दल परवाना जाईल. कायमचा.”

“मग जाऊ दे,” टोपी म्हणाला. आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला कळलं असतं. राग नव्हता.

मंगळवार, २३ सप्टेंबर

शिफारस लिहिली. माझी पहिली. ‘मालक जाणीवपूर्वक सत्य दडवत आहे. एका वृद्धाचा जीव धोक्यात असतानाही त्याने सहकार्य केलेले नाही. परवाना कायमचा रद्द करावा.’ मॅडमनी वाचून ड्रॉवरमध्ये ठेवली. “दोन दिवस थांबू.” त्यांचं मन मऊ झालंय असं मला वाटतं. बावीस वर्षांत माझंही होईल का?

घरी वाचून दाखवली. बाबा म्हणाले, “एवढं कडक?”

“खोटं बोलणाऱ्याला कसली माफी?”

आई म्हणाली, “त्याच्या दुकानावर तीन घरं चालतात.”

“मग त्याने खरं बोलावं.”

“आणि ती बाई आपणहून आली तर?”

“बाई आहे हे तुला काय माहीत?”

आई भांडी आवरत होती. “अ‍ॅप्रन आखूड आहे म्हणालीस ना तू,” ती म्हणाली. खरंच म्हणाले होते. “आली तर त्याचं दुकान वाचेल?”

“वाचेल.”

“आणि तिला काय होईल?”

“काही नाही. गोळ्या, मलम आणि दहा दिवस सुट्टी.”

“एवढंच?” आई म्हणाली. “बरं.”

बुधवार, २४ सप्टेंबर

दुपारी पाऊण वाजता. मॅडम हेडमास्तरांचा जबाब घ्यायला रुग्णालयात गेल्या होत्या. मी आणि कारकून. दारावर टकटक झाली आणि आई आत आली.

मला वाटलं डबा विसरले. मग वाटलं बाबांना काहीतरी झालं. मी उठायच्या आत ती समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “मॅडम, खिडकीवरचा सॉस मी बनवते. नमुना द्यायला आलेय.”

मॅडम. मला.

कारकून मान वर करून पाहत होता. आईने माझ्याकडे असं पाहिलं जसं आपण पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या माणसाकडे पाहतो. मी खाली बसले. फॉर्म काढला. कसा काढला ते आठवत नाही. तिने माहेरचं आडनाव सांगितलं. पत्ता सांगितला तो मावशीचा.

“किती दिवस काम करता?” हा माझाच आवाज होता.

“आठ महिने.”

“हाताला काही?”

तिने पट्टी सोडली. ती पट्टी मी परवा रात्री बांधली होती.

“या कार्यालयात कोणी नातेवाईक?” हा रकाना फॉर्मवर आहे, मी तो वगळू शकले असते. कारकून ऐकत होता म्हणून विचारला, की मला तिने काहीतरी वेगळं म्हणावंसं वाटत होतं म्हणून, सांगता येत नाही.

“नाही,” आई म्हणाली. “आमच्यात कोणी एवढं शिकलेलं नाही.”

मी हातमोजे घातले. नाकातला नमुना घेतला, मग दोन्ही तळव्यांचा, मग जखमेचा. बोट धरावं लागलं. कांडी मी जरा वरच धरली. “घ्या तुम्ही,” ती म्हणाली, “दुखत नाही.” कांडी नळीत घातली, वर लिहिलं: क्रमांक ४. आई उठली, साडी नीट केली आणि “येते हं मॅडम” म्हणून गेली.

मी काही बोलले नाही. हे मला ठळक लिहून ठेवायचंय. कारकून म्हणाला, “बिचारी, भली बाई दिसते,” आणि मी म्हणाले, “हो.”

घरी बाबांनी दार उघडलं, पण साहेब म्हणाले नाहीत. आईने सांगितलं ते थोडक्यात असं. जानेवारीतच लाँड्री बंद पडली. माझं शेवटचं सत्र सुरू होतं. “तुला सांगितलं असतं तर तू परीक्षा सोडून नोकरीला लागली असतीस. लागली असतीस की नाही?” असती. टोपीने काम दिलं. निकाल लागल्यावर सांगायचं ठरवलं होतं, तोवर माझी नोकरी हीच निघाली, आणि मग तो फॉर्म आला. नखुरडं झालं तेव्हा बोटावर हातमोजा चढत नव्हता. “पट्टी घट्ट आहे, काय होतंय, असं वाटलं,” ती म्हणाली. “तुला तांब्या धरून बसलेली पाहिलं तेव्हा कळलं काय होतंय ते. तशीच पळत गेले आणि बादली ओतली मोरीत.”

“म्हणून तो मला काही बोलत नव्हता.”

“मीच त्याला शपथ घातली. आता तू गप्प राहा. नमुना मिळाला ना तुमच्या मॅडमना? त्याचं दुकान उघडेल, तुझी नोकरी राहील. कोणाचं काय गेलं?”

मी उत्तर शोधत राहिले. खरं सांगायचं तर उत्तर सापडू नये असंच वाटत होतं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

साडेनऊला कार्यालयात पोचले. मॅडम पावणेदहाला. सांगितलं साडेअकराला. मधल्या वेळात मी दोन फायली लावल्या, फ्रीज पुसला, आणि एकदा सांगायला गेले ते चहा विचारून परत आले.

शेवटी म्हणाले, “क्रमांक चार माझी आई आहे.”

मॅडमनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवर उघडून माझी शिफारस काढली, मधोमध फाडली. नमुना क्रमांक चारच्या फॉर्मवर लाल रेघ मारली. “तुझे सगळे जबाब, नमुने, नोंदी बाद. परत करावे लागतील, आणि तू त्यात असणार नाहीस.”

“हो.”

“रुजू होतानाच्या फॉर्ममधलं खोटं तुझं नाही. तुला माहीत नव्हतं, ते मी लिहीन. कालची दुपार मात्र तुझी आहे.”

“हो.”

“नुसतं हो हो करू नकोस. आणखी कोणाला माहीत आहे?”

“इथे कोणालाच नाही. घरचे आणि टोपी बोलणार नाहीत.”

“म्हणजे तू गप्प बसली असतीस तर कधीच कळलं नसतं.” हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की कसं, मला कळलं नाही. त्यांनी चौकशीचा कागद टाइपरायटरमध्ये घातला.

शनिवार, २७ सप्टेंबर

आई माझ्याशी बोलत नाही. गुरुवारी एकदाच बोलली: “आठ महिने झाकलं, आणि तू एका सकाळीत उघडं केलंस. कोणी विचारलं होतं तुला?” तेव्हापासून निरोप बाबांमार्फत. “तिला सांगा, भात झाकून ठेवलाय.” मी समोर दोन हातांवर बसलेली असते.

“मला पोस्टमन केलाय,” बाबा म्हणतात, “तोही बिनतिकिटाचा.” कोणी हसत नाही.

हेडमास्तर आज घरी गेले. काठी घेऊन चालतात, पण चालतात. हे मी बाबांना सांगितलं. बाबांनी आईला सांगितलं. आईने तोंडावर पदर धरला.

सोमवार, २९ सप्टेंबर

दुसऱ्या नमुन्यासाठी आई आली. मला खोलीबाहेर थांबायला सांगितलं होतं. दाराला वरती काच आहे, आणि दार नीट लागत नाही.

मॅडमनी तिला खुर्ची दिली. बाक नाही, खुर्ची. हात धुऊन आल्या, फॉर्म पुढे ओढला. आईने यावेळी नाव नीट सांगितलं, पत्ता नीट सांगितला.

“घरी कोण कोण?”

“नवरा. आणि मुलगी.”

“मुलगी काय करते?”

आईने दाराकडे पाहिलं. काचेतून मी तिला दिसत होते. “तुमच्याकडे होती,” ती म्हणाली.

“अजून आहे. निर्णय यायचाय.”

“तिचं काही चुकलं नाही हो. पुस्तकात आहे ते सगळं पाठ आहे तिला. मीच...”

“ताई, नाक वर करा,” मॅडम म्हणाल्या. “बोलू नका, कांडी हलते.”

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पत्र आलं. मी फोडू शकले नाही, बाबांनी वाचलं, चष्मा पुसून, प्रत्येक शब्दावर थांबत. हितसंबंधाची बाब समजल्यानंतरही नमुना सीलबंद केला व ती बाब तत्काळ कळवली नाही, सबब नेमणूक संपुष्टात. पुढील वर्षीच्या भरतीत अर्ज करण्यास हरकत नाही. खाली मॅडमचं मत जोडलेलं नव्हतं. काय लिहिलं असेल ते मला कधी कळणार नाही.

‘सबब’ म्हणजे काय ते बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. “कधीपासून?” तिने विचारलं. बाबांना नाही, मला.

“आजपासूनच.”

ती आत गेली. थोड्या वेळाने आतून म्हणाली, “पानं घेतलीत, या दोघं.” जेवताना माझ्या ताटात तिने दोनदा वाढलं, मी नको म्हटलं तरी. मी जेवले. रडले पण जेवले.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आईचे नमुने सलग दोनदा स्वच्छ आले. खिडकी उद्या उघडणार. टोपी संध्याकाळी घरी आला होता. टोपी काढून दारातच उभा राहिला. डोक्यावर भरघोस केस आहेत, मला उगाच टक्कल वाटलं होतं. मी माफी मागितली. तो म्हणाला, “तुम्ही तुमचं काम केलंत,” आणि मग, जरा थांबून, “फार कडक केलंत.”

आई त्याला म्हणाली, “मी येते. पण सॉस थंड पेटीत राहील, बादलीत नाही. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. आणि बोटाला नुसतं खरचटलं तरी त्या दिवशी सॉस नाही.”

“पेटीचा काटा कितीवर ठेवायचा?” टोपीने विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. टोपीनेही.

“चार अंशांच्या खाली,” मी म्हटलं. “पण पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागून वारा लागतो तिला.”

“मग उद्या येऊन दाखव की,” आई म्हणाली. “तोंडाने सांगून त्याला कळत नाही. सॉस करताना बघितलायस ना त्याला.”

“मी तिथे काम करणार नाही, आई.”

“काम कोण म्हणतंय? दाखव आणि ये.”

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सकाळी सातला मागच्या दाराने गेलो. आईने चौथ्या खुंटीवरचा अ‍ॅप्रन घातला, केस बांधले, पाकीट फाडून नवे हातमोजे काढले. या खोलीत ती आमच्या घरातल्यापेक्षा वेगळी दिसते. उंच नाही, पण सगळे तिला वाट देतात. मेव्हणा तिला “मावशी, तवा तापवू?” म्हणून विचारतो.

मी पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, काटा लावला. टेबलावर अंडी फोडून तयार होती, तेलाची बारीक धार, आईचं मनगट एकाच लयीत फिरत होतं आणि वाटीत सॉस घट्ट होत होता, पांढरा, एकसारखा. किती घट्ट झालाय ते बघायला मी हात पुढे केला.

आईने घोटणं न थांबवता कोपराने माझा हात बाजूला सारला.

“आधी हात धू,” ती म्हणाली.

मी मोरीकडे गेले आणि धुतले.